अक्षरांतील पूल : देवनागरी स्टेन्सिलचा अभ्यास आणि कापणी

स्वयंपाकघरातील गॅसचा सिलिंडर उजेडाकडे वळवून पाहिला, तर वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या अंगाला रंगाने उमटवलेले एक रोमन अक्षर आणि दोन आकडे दिसतात. अक्षर ए, बी, सी किंवा डी असते आणि ते अनुक्रमे मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबरमध्ये संपणारी तिमाही दाखवते. आकडे वर्ष दाखवतात. सिलिंडरची पुढची चाचणी केव्हा व्हायला हवी, याची ती खूण असते. पत्र्यात अक्षराचा आकार कापून त्यातून रंग उमटवायचा, या युक्तीला स्टेन्सिल म्हणतात. ती समजून घ्यायला ही चार अक्षरे पुरेशी आहेत. पत्र्यातून ‘सी’ कापून काढली, तर उरलेला पत्रा एकसंध राहतो. ‘डी’ कापली, तर तिच्या पोटातला तुकडा निराधार होऊन गळून पडतो आणि रंग मारल्यावर अक्षराऐवजी नुसता ठिपका उमटतो. ‘ए’ची तीच गत, आणि ‘बी’मध्ये तर असे दोन तुकडे. या निराधार तुकड्याला आपण ‘बेट’ म्हणू, आणि त्याला बाहेरच्या पत्र्याशी जोडून ठेवणाऱ्या अरुंद पट्टीला ‘पूल’. पुलाच्या जागी रंग लागत नाही, म्हणून छापलेल्या अक्षरात तेथे फट दिसते. स्टेन्सिल अक्षराची ओळख म्हणून डोळ्यांत भरते ती हीच फट.

रोमन लिपीत पूल कोठे ठेवायचा, हे अनेक पिढ्यांच्या सवयीने ठरून गेले आहे. देवनागरीत मात्र बहुतेक ठिकाणी कापणाऱ्याच्या सोयीने तो पडतो, आणि म्हणूनच आपल्याकडच्या भिंतींवरील बरीच स्टेन्सिल अक्षरे जखमी झाल्यासारखी दिसतात. माझे म्हणणे एवढेच आहे की, बोरूने लिहिताना जेथे हात उचलला जातो, तेथेच पूल पडावा. हे कसे साधायचे, ते पुढे सविस्तर सांगतो. पण त्याआधी थोडा इतिहास पाहायला हवा, कारण बेटाच्या अडचणीवर लोकांनी एकाहून अधिक उत्तरे शोधलेली आहेत.

आधी इतिहास, पण कामापुरता

कापलेल्या फटीतून अक्षर गिरवण्याची युक्ती जुनी आहे. सहाव्या शतकातील इतिहासकार प्रोकोपियस याने सम्राट जस्टिन पहिला याच्याविषयी लिहून ठेवले आहे की, त्याला लिहिता येत नसल्याने चार अक्षरांचे आकार कापलेली लाकडी फळी कागदावर ठेवत आणि त्याचा हात धरून लेखणी त्या आकारांतून फिरवत. त्यात प्रोकोपियसची कुचेष्टा किती आणि खरे किती, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी असे साधन त्या काळी माहीत होते एवढे त्यावरून नक्की कळते.

स्टेन्सिलने संपूर्ण मजकूर लिहिण्याची कला फ्रान्समध्ये सतराव्या आणि अठराव्या शतकांत बहरली. चर्चमध्ये अख्ख्या गायकवृंदाला एकाच पोथीवरून लांबून वाचता यावे, यासाठी मोठ्या अक्षरांची पुस्तके लागत. ती छापणे परवडत नसे, म्हणून पितळी पत्र्यांतून एकेक अक्षर उमटवत. या कामाचे तपशीलवार वर्णन जिल फियो दे बियेत यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या विज्ञान अकादमीसाठी तयार केले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८१ मध्ये पॅरिसच्या बेरी नावाच्या कारागिराकडून स्टेन्सिलचा एक संच विकत घेतला होता. तो आज फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत आहे. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे एरिक किंडल यांनी या परंपरेचा पद्धतशीर अभ्यास केला. जेम्स मोझली आणि डच अक्षररचनाकार फ्रेड स्माइयर्स यांच्यासह त्यांनी जुन्या वर्णनाबरहुकूम पत्रे पुन्हा तयार करून पाहिले. नुसते वर्णन वाचून जे उमगत नाही, ते कापायला बसल्यावर उमगते. म्हणून अभ्यासकानेही हातात पाते धरावे, असा माझा आग्रह आहे.

पुढे १८७० च्या दशकात पॅरिसमध्येच जोसेफ दाविद यांनी एकच सार्वत्रिक पत्रा काढला, ज्यातील भौमितिक फटी निवडून निवडून भरल्या की कोणतेही अक्षर तयार होई. विसाव्या शतकात योसेफ आल्बर्स यांनी जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेत चौरस, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्याच तुकड्यांतून वर्णमाला बांधली. पाउल रेनर यांचा ‘फुतुरा ब्लॅक’ (१९२९) आणि यान चिखोल्ड यांचा ‘ट्रान्झितो’ (१९३१) हे टाइप, म्हणजे छपाईचे अक्षरसंच, त्याच वळणाचे. अमेरिकेत १९३७ मध्ये एका महिन्याच्या अंतराने ‘स्टेन्सिल’ याच नावाचे दोन टाइप निघाले : एक लडलो कंपनीसाठी रॉबर्ट हंटर मिडलटन यांचा, दुसरा अमेरिकन टाइप फाउंडर्ससाठी गेरी पॉवेल यांचा. खोक्यांवर आणि लष्करी सामानावर दिसणारे ते जाड, गोल टोकांचे रोमन अक्षर आज जगभर ‘स्टेन्सिल’ म्हणून ओळखले जाते.

येथे अभ्यासकाने एक भेद मनाशी पक्का करावा. छपाईच्या धातूच्या खिळ्याला किंवा संगणकावरील फाँटला पुलाची गरजच नसते. तेथे फट असते ती केवळ आठवण म्हणून, एखाद्या सिमेंटच्या खांबाला लाकडासारख्या रेषा काढाव्यात तशी. म्हणून कोणताही नमुना समोर आला की पहिला प्रश्न हा विचारावा : ही फट पत्र्याने मागितली आहे, की केवळ नजरेने?

पूल न ठेवता बेट टिकवण्याचे मार्गही आहेत. जपानमधील कापड रंगवणारे कारागीर कागदी साच्यांवर रेशमाच्या बारीक तारांची जाळी चिकटवत. तारा इतक्या बारीक असत की रंग त्यांच्याखाली पसरून फट बुजून जाई. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये कापडाची जाळी हेच काम करते. शाळेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर निघत होत्या, तेव्हा मेणाच्या स्टेन्सिल कागदातला तंतूंचा पातळ पापुद्रा हेच काम करी. टंकलेखकाने जोरात ठोकले की मात्र गोल अक्षराचे पोट फाटून बाहेर येई आणि प्रतीवर काळा गोळा उमटे. तिसरा मार्ग दोन पत्र्यांचा : पहिल्या पत्र्याने अक्षराचा अर्धा भाग उमटवायचा, दुसऱ्याने उरलेला, म्हणजे फट राहत नाही. भिंतीवरील कामासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. दोन पत्रे नेमके जुळवण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात चांगला पेंटर हातानेच अक्षर लिहून मोकळा होतो.

मुंबईत नमुने कोठे आणि कसे गोळा करावेत

मशीद बंदर आणि दाणा बंदर भागातील पोती, भाऊच्या धक्क्यावरील मासळीचे खोके, मालगाडीच्या वाघिणी, ट्रकच्या मागच्या फळ्या, विजेच्या खांबांवरील क्रमांक, गृहनिर्माण संस्थांच्या आवारातील गाड्यांच्या जागा, आगीच्या लाल बादल्या ही सगळी स्टेन्सिलची घरे आहेत. व्यापारी पोत्यावरील खुणेला ‘मार्का’ म्हणतात. विचारताना तोच शब्द वापरला की उत्तर लवकर मिळते. गोदीच्या आत परवान्याशिवाय जाता येत नाही, पण बाहेर उभ्या असलेल्या ट्रकांवर पुरेसे साहित्य सापडते.

छायाचित्र समोरून काढावे आणि शेजारी पट्टी किंवा निदान एक नाणे धरावे, कारण अक्षराच्या उंचीशी पुलाची रुंदी किती, हे प्रमाण नंतर मोजता आले पाहिजे. वहीत चार गोष्टी नोंदवाव्यात : पृष्ठभाग कोणता, रंग ब्रशने थोपटला की फवारला, फटी नंतर हाताने बुजवल्या आहेत का, आणि शिरोरेषेचे काय केले आहे. शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे अनेक स्टेन्सिल मजकूर रोमनमध्येच का दिसतात, हे त्या नोंदीवरून कळू लागते. शिरोरेषा सलग कापली की पत्र्याला एक लांबलचक चीर पडते, आणि तिच्याखाली दोन अक्षरांमधला प्रत्येक भाग झालरीच्या लोंबत्या पट्टीसारखा हलू लागतो. कारागीर वैतागतो आणि आकडे व रोमन अक्षरांकडे वळतो.

देवनागरीची बेटे

बेटे ओळखण्यासाठी मी त्यांचे दोन गट करतो. पहिल्या गटात ‘अंगची’ बेटे : व, ब, क, च यांची वाटी, ठ चे वर्तुळ, ळ च्या दोन गाठी. शिरोरेषा काढून टाकली, तरी ही पोटे बंदच राहतात. दुसऱ्या गटातील बेटे शिरोरेषेने तयार होतात : प, ष, य, म, स, घ यांचा डावा भाग वरून शिरोरेषेला टेकतो, उजवीकडे काना उभा असतो आणि मधली जागा कोंडली जाते. पहिल्या वेलांटीची कमान पुढच्या अक्षरावर टेकली, की तिच्याखालीही एक बेट होते. कमानीचे टोक शिरोरेषेपासून जरा वर उचलले, की ते सुटते. अनुस्वार, मात्रा आणि अर्धचंद्र यांचा काहीच त्रास नाही.

दुसऱ्या गटात सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे शिरोरेषेलाच वर फट पाडणे. तीच सर्वांत मोठी चूक आहे. देवनागरीत शिरोरेषेतील खंडाला अर्थ आहे : थ, ध आणि भ ही अक्षरे त्या खंडानेच य, घ आणि म यांच्यापासून वेगळी ओळखू येतात. ‘घ’च्या डोक्यावर फट पाडली, की लांबून ‘ध’ दिसतो. मी हे स्वतः करून बसलो आहे. एका संस्थेच्या आवारात ‘पंपघर’ असे रंगवून दिले आणि रंग वाळल्यावर तेथील रखवालदाराने सरळ विचारले, की हे पंपधर कोण? पुढे कित्येक महिने, ये-जा करणारा प्रत्येक जण त्या दारासमोर थांबून नाव वाचत असे.

उपाय बोरूकडे आहे. बोरूने ‘प’ लिहिताना आधी डावीकडचा वळसा येतो, मग काना, आणि सर्वांत शेवटी शिरोरेषा. म्हणजे हात दोनदा उचलला जातो. वळसा कान्याला जेथे मिळतो तो पहिला सांधा, काना शिरोरेषेला जेथे मिळतो तो दुसरा. या दोन सांध्यांवर पूल ठेवले, की आतले बेट वरून एकदा उजवीकडच्या पत्र्याशी आणि खालून एकदा वळशाखालच्या पत्र्याशी जोडले जाते आणि दोन्ही अंगांनी घट्ट बसते. डावीकडचा वळसा शिरोरेषेला मात्र जोडलेलाच ठेवायचा. त्यामुळे घ हा घ च राहतो आणि म चा भ होत नाही. डोळ्यालाही ही फट खटकत नाही, कारण लेखणीने तेथे श्वास घेतलेला असतो.

अंगच्या बेटांनाही हाच नियम पुरतो. व ची वाटी कान्याला वर आणि खाली, अशी दोन ठिकाणी मिळते. दोन्हीकडे पूल ठेवावा. ब मधली तिरकी रेघ दोन्ही टोकांनी वाटीला भिडवली, तर एका बेटाची दोन बेटे होतात, म्हणून तिचे एक टोक वाटीपासून सुटे ठेवावे. ठ ला काना नाही; तेथे वर्तुळ जेथे सुरू होते आणि जेथे खाली वळते, असे वर एक व खाली एक, दोन पूल ठेवावेत. ध, भ, थ या तिघांचे डोके आधीच उघडे असल्याने त्यांना फारसे काही करावे लागत नाही. ही अक्षरे जन्मतःच स्टेन्सिलसाठी तयार आहेत असे म्हणायला हरकत नाही. ख विषयी विशेष सावध राहावे. त्याचा डावा आणि उजवा भाग खाली जेथे जुळतो, तेथे कधीही पूल ठेवू नये, नाहीतर ‘खाना’चे ‘रवाना’ होते. वरच्या सांध्यांवरचे पूल त्याला पुरतात.

शिरोरेषा तोडायची ती दोन अक्षरांच्या मध्ये, मागच्या अक्षराचा काना संपल्यावर लगेच. वाचकाला हे विचित्र वाटेल, अशी भीती बाळगू नये. निर्णयसागरसारख्या मुंबईच्या छापखान्यांतील जुनी पुस्तके भिंगाखाली पाहिली, तर खिळ्याला खिळा जेथे लागतो तेथे शिरोरेषेत केसाएवढ्या फटी दिसतात. मराठी डोळा पिढ्यान्‌पिढ्या त्या ओलांडत आला आहे. फक्त दोन शब्दांमधील अंतर या फटीच्या निदान पाचपट ठेवावे, म्हणजे शब्द एकमेकांत मिसळणार नाहीत.

जोडाक्षरांत हट्ट करू नये. द्ध, द्य, ह्म यांसारख्या एकाखाली एक रचलेल्या आकारांत बेटे इतकी लहान होतात की पूल ठेवायला जागाच उरत नाही. तेथे पाय मोडून ‘विद्‌युत’ असे सुटे लिहावे. सुलेखनाच्या दृष्टीने ते दुय्यम, पण रोहित्राच्या दारावर वाचता येणे अधिक मोलाचे.

कापणी

पहिला प्रयत्न ‘धोका’ या शब्दावर करावा; ध, काना, मात्रा आणि क एवढ्यात बहुतेक प्रश्न भेटतात. अक्षराची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत १० सेंटिमीटर, रेघेची जाडी १५ मिलिमीटर आणि पूल ४ ते ५ मिलिमीटर, हे प्रमाण मला हाताला बरे वाटते. पूल रेघेच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून रुंद झाला, की अक्षर तुटलेले दिसते. ३ मिलिमीटरच्या खाली गेला, की पत्रा धुताना तुटतो. सगळ्या अक्षरांत पूल एकाच रुंदीचे ठेवावेत. संगणकावर आराखडा करायचा असेल, तर कोणताही जाड फाँट घेऊन त्याला चिरा पाडण्याचा मोह टाळावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचना संस्थेने केलेला ‘मोदक’ हा फाँट अक्षरे किती फुगवता येतात आणि पोटे किती चिमटता येतात, हे शिकण्यासाठी उत्तम आहे. पण त्याची चिंचोळी पोटे पत्र्यात कापायला गेलात, तर बेटांऐवजी धागे हाती येतील. चपट्या टोकाच्या लेखणीने कागदावर मोठे अक्षर लिहून, ते गिरवून घेणे अधिक चांगले, कारण हात कोठे उचलला ते त्यात उघड दिसते.

साहित्यात जाड कार्डशीट सर्वांत स्वस्त. पण मुंबईच्या पावसाळी हवेत ती ओल धरते, कडा फुगतात आणि दुसऱ्याच छापाला रंग आत शिरतो. जून ते सप्टेंबर पॉलिस्टरची पारदर्शक शीट वापरावी. अब्दुल रहमान स्ट्रीटवरील स्टेशनरीच्या दुकानांत अशा शीट धुंडाळाव्यात. घरात जुनी एक्स-रे फिल्म असेल, तर तीही छान चालते. ती कापायला मऊ असते आणि धुऊन पुन्हा वापरता येते.

पाते नवे आणि उभे धरावे. वळणावर पाते न फिरवता शीट फिरवावी. आतल्या कोपऱ्यांना अगदी किंचित गोलाई द्यावी, कारण फाटण्याची सुरुवात तीक्ष्ण कोपऱ्यातूनच होते. क्रमही बोरूचाच ठेवावा : आधी वाट्या आणि वळसे, मग काने, शेवटी शिरोरेषा. शिरोरेषा आधी कापली, तर खालचे सगळे कापताना पत्रा हातात डुगडुगतो. पूल चुकून तुटलाच, तर दोन्ही बाजूंनी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती पुन्हा काठावर कापून घ्यावी.

रंग

येथे बहुतेक जण घाई करतात. पातळ रंग पत्र्याच्या कडेखाली आपोआप ओढला जातो आणि अक्षराला मिशा फुटतात. म्हणून सपाट तोंडाचा आखूड केसांचा ब्रश किंवा स्पंजाचा तुकडा घ्यावा, रंगात टेकवावा, वर्तमानपत्रावर निम्मा काढून टाकावा आणि मग पत्र्यावर उभा थोपटावा. ब्रश ओढू नये. ओढला, तर तो पुलांखाली शिरतो. फवारा वापरायचा असल्यास डबा २० ते २५ सेंटिमीटर लांब धरून दोन-तीन हलके हात द्यावेत. पत्रा उचलताना एका बाजूने, दाराच्या बिजागरीसारखा उचलावा.

तपासणी

पहिला छाप भिंतीवर उमटवू नये. कागदावर काढून तो इमारतीच्या लांब मार्गिकेच्या टोकाला लावावा आणि ज्यांनी तो आधी पाहिलेला नाही, अशा दोन-तीन माणसांना वाचायला सांगावे. त्यांच्यासमोर अर्थपूर्ण वाक्य ठेवू नये, कारण वाक्यात माणूस अंदाजाने वाचतो. सुटे जोडशब्द ठेवावेत : घडा आणि धडा, मात आणि भात, माया आणि माथा, खाना आणि रवाना. ज्या जोडीत वाचणारा अडखळेल, त्या अक्षराचे पूल वहीतील नोंदींशी ताडून पाहावेत आणि एका वेळी एकच पूल हलवावा. दोन एकदम हलवले, तर सुधारणा कोणत्या पुलामुळे झाली ते कळत नाही.

वर्णमाला पूर्ण झाली आणि तिचा फाँट करावासा वाटला, तर पवईच्या आयआयटी मुंबईतील आयडीसी या डिझाइन विभागाच्या पुढाकाराने २००८ मध्ये सुरू झालेल्या टायपोग्राफी डे परिषदेचे निबंध चाळावेत. भारतीय लिप्यांच्या रचनेवर त्यांत बरेच काही आहे. फाँटमध्ये शिरोरेषेची फट प्रत्येक अक्षराच्या उजव्या काठावर बसवावी, डाव्या नव्हे. अक्षराला काना, वेलांटी किंवा मात्रा लागते तेव्हा काठ बदलतो, आणि डाव्या काठावरील फट पहिल्या वेलांटीनंतर हटकून दुप्पट होते.

वापरलेले पत्रे रंग ओला असतानाच धुवावेत, दोन वर्तमानपत्रांत दाबून आडवे ठेवावेत आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात खिळ्याने दिनांक कोरावा. शाईने लिहिला, तर रॉकेलने धुताना तो निघून जातो.